साडेचार बोटं

नर्स म्हणाली, बोटांनी सांगा.
मूठ बंद, म्हणजे दुखत नाही.
एक बोट, थोडंसं.
पाचही उघडली
की ज्याच्यापुढे काही नाही, ते.

माझ्या उजव्या हाताला साडेचार बोटं.
करंगळीचं पेर साखळीनं नेलं
बुशेनीच्या बाजारात, सत्त्याहत्तर साली.
घाई गिऱ्हाइकाला होती, मला नव्हती.
डावा हात उचलावा म्हटलं
तर खांद्यातलं हाड आधी विचारतं, कशाला?
मग पाच दाखवायला
केंगोंझीचं एक बोट उसनं घेतलं.
तिनं दिलं,
आणि नर्स गेल्यावरही परत मागितलं नाही.

चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या.
हब उघडला की कळतं,
ग्रीस वाळलेलं, छर्रे झिजलेले,
वाटीला खड्डे.
वरून चाक फिरत असतं, चमकतही असतं.
कान लावला तरच ऐकू येतं
आत कुणीतरी वाळू चावतंय.
तसं माझ्या कंबरेत. मांडीच्या हाडात.
कूस बदलायची तर आधी
मनातल्या मनात दहादा बदलून बघायची.

म्बराराच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.
मणक्यांवर पांढरे ठिपके.
म्हणाले, प्रोस्टेटमधून निघालंय, इथवर पोचलंय.
मी विचारलं, पायी?
ते हसले नाहीत.
केंगोंझी हसली, मग बाहेर जाऊन बसली.

औषध येतं पाण्याच्या जुन्या बाटलीत,
लेबल खरवडलेलं.
कडू. सुईविना सिरिंजनं मोजायचं.
सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, पुन्हा सहा,
रात्री दहाला दुप्पट,
म्हणजे मधल्या दोनला कुणी कुणाला उठवायचं नाही.
पोट बसतं त्यानं.
हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.
पपईच्या बिया वाळवून, कुटून,
चमचाभर.

गल्लीत कुजबुज, मॉर्फिन आलं,
आता फळ्या मोजायला घ्या.
मलाही तेच वाटलं.
म्हणून चोरी केली,
माझ्याच बाटलीतली, माझ्याचपासून.
पाच मिलीऐवजी तीन प्यायचो,
उरलेलं दोन खाटेखाली
ट्यूबच्या सोल्यूशनच्या रिकाम्या डब्यात.
गाठीला असावं. खरं दुखेल तेव्हासाठी.
जणू हे खोटं होतं.

डबा केंगोंझीला सापडला.
तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट.
नर्स तुमुहाइर्वे आली, हेल्मेटसकट आत शिरली.
म्हणाली, संपलं तर मी आणीन.
मोटारसायकल आहे मला,
तुम्ही कशाला राखण बसता?
डबा घेऊन संडासाकडे गेली.
माझ्या अकरा दिवसांच्या कळा
एका झटक्यात ओतून आली.

मला ती गिऱ्हाइकं आठवली
तुटलेली साखळी खांद्यावर टाकून येणारी.
वर सांगायची, तेल फार लागत नाही हो आमच्या सायकलीला.

आता घड्याळाचं ऐकतो.
दुखणं दारात यायच्या आधी पितो,
आल्यावर त्याच्याशी भांडत बसत नाही.
सगळं जात नाही. मंगळवारी तीन बोटं,
शिंक आली तर चार.
पण काल चटईवर बसलो टेकून.
अरिंदानं पुढचं चाक आणलं, आठ झालेलं.
ओझं केळ्यांचं, आणि मधे दगड.
चाक गुडघ्यांमध्ये धरून मी फिरवलं,
तो आरे आवळत गेला.
पाव फेरा, म्हटलं. पाव. अर्धा नको.
तार बोटानं छेडून बघ,
सगळ्या एकाच आवाजात बोलायला हव्यात.
त्याला ऐकू आलं.
तासभर मला कंबर आहे हेच आठवलं नाही.

तेवढ्यात नर्स आली. किती आज?
मी फक्त करंगळी वर केली,
साखळीनं सोडली होती तेवढी.
तिच्या कागदावर अर्ध्याला चौकट नाही.
तिनं एक लिहिलं.
खोडा, मी म्हटलं.
केंगोंझी म्हणाली, असू दे,
रात्र यायचीय अजून.